लुफिरा नदीच्या अलीकडे

आमच्या थोरल्या मामांच्या घरी तांब्याची एक जाड, ओबडधोबड रकाबी होती. मामा तिच्यात सुपारी कातरून ठेवत. ही रकाबी त्यांनी आफ्रिकेतून आणली होती आणि सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात आफ्रिका पाहिलेले ते एकटेच होते. मामा लष्कराच्या सिग्नल्स विभागात होते. १९६२-६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतून कांगोला जाऊन आले. गावात त्याचे कौतुक झाले नाही, कारण त्याच सुमारास इकडे चीनशी युद्ध झाले होते. सगळे विचारायचे, ‘इथं चीन अंगावर आला तवा तुमी कुटं होता?’ मामा नुसते हसायचे.

त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून दोन नावे ऐकत आलो. एक लुफिरा नदीचे आणि दुसरे ‘जादोविल’ या गावाचे. ‘लुफिरा वलांडली नि झालं, जादोविल आलं,’ इतकीच त्यांची युद्धकथा होती. पुढे मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. संयुक्त राष्ट्रांवरच्या एका पुस्तकात मला एक ओळ सापडली. मामा तिथे पोहोचण्याच्या सव्वा वर्ष आधी त्याच गावात आयरिश शांतिसैनिकांची एक अख्खी तुकडी शरण गेली होती. तरुणपणीच्या आगाऊपणाने मी मामांना म्हणालो, ‘म्हणजे तुमच्या आधीचे तिथं हात वर करून आले.’ मामांनी सुपारी कातरायची थांबवली आणि एकच विचारले, ‘त्यांच्याकडं पाणी किती हुतं?’

मला माहीत नव्हते. पुस्तकातही नव्हते.

२०१६ च्या ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर ‘द सीज ऑफ जॅडोटव्हिल’ हा चित्रपट आला आणि मामांचा प्रश्न पुन्हा वर आला. मामा तोवर राहिले नव्हते. दिग्दर्शक रिची स्मिथ, पटकथा केव्हिन ब्रॉडबिन यांची, आधार डेक्लन पॉवर यांच्या २००५ च्या पुस्तकाचा. तुकडीचा प्रमुख कमांडंट पॅट क्विन्लन याच्या भूमिकेत जेमी डॉर्नन. या लेखात मला त्या चित्रपटाचे परीक्षण लिहायचे नाही. घडलेला वेढा आणि सांगितलेला वेढा यांच्यामध्ये काय काय गळते आणि काय काय शिरते, हे तपासायचे आहे. त्यात माझी स्वतःचीही एक चूक आहे, ती ओघात येईल.

आधी पार्श्वभूमी. ३० जून १९६० रोजी बेल्जियमच्या ताब्यातला कांगो स्वतंत्र झाला. अकरा-बारा दिवसांत, ११ जुलैला, दक्षिणेकडचा कटांगा प्रांत मोईज शोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. कटांगा म्हणजे तांबे, कोबाल्ट आणि ‘युनियन मिनिएर’ ही बेल्जियन खाणकंपनी. नव्या देशाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्या एका प्रांतातून येत होता. जॅडोटव्हिल हे तिथले खाणीचे गाव. त्याच्या जवळच शिंकोलोब्वेची युरेनियमची खाण आहे. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचे बरेचसे युरेनियम याच खाणीतले. अशा जागेसाठी कोण कोण टपून बसले असेल हे वेगळे सांगायला नको. कांगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांना १७ जानेवारी १९६१ रोजी याच कटांगात आणून मारण्यात आले. चित्रपटाची सुरुवातही त्यांच्या हत्येपासून होते. तीन-चार मिनिटांत एवढा इतिहास प्रेक्षकाच्या गळी उतरवणे सोपे नाही, आणि ते काम चित्रपटाने बऱ्यापैकी केले आहे.

संयुक्त राष्ट्रांची फौज जुलै १९६० पासूनच कांगोत होती. २१ फेब्रुवारी १९६१ च्या ठराव क्रमांक १६१ ने तिला यादवी युद्ध टाळण्यासाठी, अगदी शेवटचा उपाय म्हणून, बळाचा वापर करण्याची मुभा दिली. परदेशी लष्करी अधिकारी आणि भाडोत्री सैनिक यांना कांगोबाहेर काढावे, असेही त्यात होते. मात्र कटांगाची फुटीर सत्ता बळाने मोडून काढा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले नव्हते. पुढचा सगळा गोंधळ या फटीतून आला.

ऑगस्टअखेर संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांनी एलिझाबेथव्हिल आणि आसपास परदेशी अधिकाऱ्यांची धरपकड केली. ती फारशा रक्तपाताशिवाय पार पडली, आणि त्यामुळे दुसरी मोहीमही तशीच पार पडेल असा भरवसा वाटू लागला. ती दुसरी मोहीम १३ सप्टेंबर १९६१ च्या पहाटे सुरू झाली. तिचे नाव ‘मोर्थोर’. हे हिंदी नाव आहे आणि त्याचा अर्थ चिरडून टाकणे, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. कुठल्याही हिंदी कोशात असा शब्द मला दिसला नाही, पण मराठी कानाला त्यात ‘मोडतोड’ ऐकू येते. कटांगातल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेची सूत्रे भारतीय ब्रिगेडियर के. ए. एस. राजा यांच्याकडे होती. तेव्हा नाव कुठून आले असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

त्याच सकाळी, एलिझाबेथव्हिलपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, आयर्लंडच्या ३५ व्या बटालियनची ‘ए’ कंपनी जॅडोटव्हिलच्या वेशीवर होती. संख्या कोणी १५५ देतो, कोणी १५८. गावातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे रक्षण करायला म्हणून तिला तिथे पाठवले होते. प्रत्यक्षात त्या गोऱ्यांना हे रक्षणकर्ते नकोच होते, ते शोंबेच्या बाजूचे होते. सैनिक सकाळच्या उघड्यावरच्या प्रार्थनेला जमले असताना हल्ला झाला. मोर्थोरची वेळ ठरवणाऱ्यांनी एवढ्या दूर, एवढ्या एकाकी असलेल्या तुकडीचा विचार पुरेसा केला नव्हता, याबद्दल आज फारसा वाद नाही.

पाच दिवस ही तुकडी लढली. समोर कटांगाची जांदार्मरी होती आणि तिला आधार देणारे बेल्जियन, फ्रेंच वगैरे भाडोत्री लढवय्ये. त्यांची संख्या पाचशेपासून कित्येक हजारांपर्यंत सांगितली जाते. आयरिशांकडे हलकी शस्त्रे, मशीनगन, ६० मिलिमीटरच्या उखळी तोफा आणि जुनाट चिलखती गाड्या. वरून कटांगाचे एक फूगा जेट विमान येऊन बॉम्ब टाकी, गोळ्या झाडी. त्या क्षणी संपूर्ण कांगोत संयुक्त राष्ट्रांकडे त्याला अडवणारे एकही लढाऊ विमान नव्हते. एका विमानाने जगाच्या संघटनेला जमिनीवर खिळवून ठेवले होते. त्यानंतर ऑक्टोबरात भारताची कॅनबेरा, स्वीडनची आणि इथिओपियाची विमाने तिकडे गेली, ती हा धडा मिळाल्यावर.

आता चित्रपटाकडे. वास्तव दाखवणे याचा एक अर्थ चित्रपटाने फार नेटाने पाळला आहे, तो म्हणजे वस्तूंचे वास्तव. बंदुका, गणवेश, निळ्या टोप्या, तांबड्या मातीतले खंदक, उखळी तोफेत गोळा सोडताना मान खाली घालण्याची सवय. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत झाले आणि नटांना त्यासाठी लष्करी पद्धतीचे प्रशिक्षण दिले होते. ते दिसते. सैनिक दमलेले वाटतात, त्यांच्या हालचालीत नटांचा डौल नाही. क्विन्लनने पोहोचताच खंदक खणायला लावले होते आणि मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवायला लावले होते, हे इतिहासात आहे. त्या खणण्याला चित्रपटाने वेळ दिला, याचे मला समाधान आहे. युद्धपटात खणणे सहसा दाखवत नाहीत. ते कंटाळवाणे असते, आणि त्यावरच माणसे जगतात.

पण वास्तवाचा दुसरा अर्थ वेळेशी निगडित आहे, आणि तिथे चित्रपट सांगीव गोष्टीच्या सोयीने चालतो. खऱ्या वेढ्यात लढाईपेक्षा वाट पाहणे जास्त होते. शस्त्रसंधीची बोलणी, पुन्हा गोळीबार, पुन्हा बोलणी, रात्रीची जाग, उन्हाचा तडाखा. १६ तारखेला लढाई थांबवण्याचे ठरले तेव्हा आयरिशांना वाटले की आपण तगलो. त्या उसंतीचा फायदा मात्र समोरच्यांना मिळाला, त्यांचे बळ वाढत गेले. पडद्यावर हे सगळे एकामागून एक येणाऱ्या हल्ल्यांच्या लाटांत बसवलेले आहे. पावणेदोन तासांच्या चित्रपटात पाच दिवसांचा कंटाळा कसा दाखवणार, हा प्रश्न खराच. तरीही मला वाटते, शरणागती समजून घ्यायची तर नेमका तो रिकामा वेळ समजून घ्यावा लागतो. माणूस गोळ्यांनी खचतो त्यापेक्षा झोपेवाचून आणि तहानेने जास्त खचतो.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. साठवलेले पाणी संपत आले. आयरिशांना जोडणारा एकच हवाई धागा होता, एक हेलिकॉप्टर. त्याचा वैमानिक नॉर्वेचा आणि सहवैमानिक स्वीडनचा. गोळीबारातून त्यांनी ते तुकडीपाशी उतरवले. धाडस अफाट. पण पाणी ज्या कॅनमधून आणले होते, त्यांत आधी इंधन भरलेले होते. त्यातले बहुतेक पाणी पिण्याजोगे नव्हतेच. हा तपशील कुठल्याही कथाकाराला सुचला नसता. सुचला असता तर संपादकाने ‘अतिच होतंय’ म्हणून कापला असता.

दुसरा एक तपशील मामांसारख्या सिग्नलवाल्याला आवडला असता. शत्रूला बिनतारी संदेश कळू नयेत म्हणून आयरिश अधिकारी एकमेकांशी आयरिश भाषेत, गेलिकमध्ये बोलत. स्वतःच्या देशात जी भाषा शाळेतल्या सक्तीपुरती उरली म्हणून रडगाणे गायले जाते, तिचा आफ्रिकेतल्या रणांगणावर सांकेतिक लिपीसारखा उपयोग झाला. क्विन्लनचा सगळ्यांत प्रसिद्ध संदेश मात्र इंग्रजीत आहे. शेवटची गोळी असेपर्यंत आम्ही टिकू, थोडी व्हिस्की मिळाली तर बरे होईल, अशा अर्थाचा. चित्रपटवाले असे वाक्य सोडत नाहीत. सोडूही नये, कारण ते खरे आहे. गंमत अशी की संपूर्ण चित्रपटात तेच सर्वांत बनावट वाटते.

कुमक आली नाही असे नाही. कमांडंट जॉन केन यांच्या नेतृत्वाखाली दोनदा कुमक निघाली. दोन्ही वेळा ती लुफिरा नदीच्या पुलापाशी अडली. दुसऱ्या खेपेला आयरिशांबरोबर भारताचे गुरखा जवानही होते. पुलावर आणि परतीच्या वाटेवर त्यांच्यावर मारा झाला, माणसे पडली. नदीपलीकडे काही तासांच्या अंतरावर क्विन्लनची माणसे त्यांची वाट पाहत होती. १७ सप्टेंबरला पाणी नाही, दारूगोळा नाही, कुमक नाही, विमान नाही, अशा अवस्थेत क्विन्लनने शस्त्रे खाली ठेवली. त्याच रात्री संयुक्त राष्ट्रांचे महासचिव डाग हॅमरशोल्ड शोंबेशी बोलणी करायला निघाले आणि त्यांचे विमान उत्तर ऱ्होडेशियातल्या एन्डोलाजवळ कोसळले. त्या अपघाताचा तपास संयुक्त राष्ट्रांना अर्धशतकानंतर पुन्हा उघडावा लागला. साहजिकच जगाचे डोळे एन्डोलाकडे लागले, जॅडोटव्हिलकडे कोण पाहणार?

‘ए’ कंपनीतला एकही सैनिक मेला नाही. पाच जखमी झाले. सुमारे पाच आठवडे कैदेत राहून सगळे सुटले.

हीच त्यांची अडचण झाली. १९६० च्या ८ नोव्हेंबरला कांगोतच नीम्बा इथे आयरिश गस्तीच्या तुकडीवर हल्ला होऊन अकरापैकी नऊ जण मारले गेले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला डब्लिनच्या रस्त्यांवर अफाट गर्दी लोटली. देशाने त्यांना डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. जॅडोटव्हिलचे लोक मात्र जिवंत परतले. लष्करात ‘जॅडोटव्हिल जॅक’ ही शिवी झाली. क्विन्लनने आपल्या कितीतरी माणसांची नावे शौर्यपदकांसाठी पाठवली, एकही मंजूर झाले नाही. तो स्वतः १९९७ मध्ये वारला, तोवर काहीही बदललेले नव्हते.

इथे मला आणखी एक चित्रपट आठवतो, १९६४ चा ‘झुलू’. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिकांनी झुलूंच्या मोठ्या फौजेला थोपवले, त्याची गोष्ट. जॅडोटव्हिलच्या चित्रपटाची बांधणी ‘झुलू’वरून घेतलेली आहे, हे दोन्ही पाहिलेल्याला लगेच जाणवते. तीच मूठभर माणसे, तीच तटबंदी, तेच क्षितिजावर उगवणारे शत्रू. दोन्हीकडच्या बचाव करणाऱ्यांची संख्याही जवळजवळ सारखी. रोर्क्स ड्रिफ्टला सतरा मेले आणि अकरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. जॅडोटव्हिलला कोणी मेले नाही आणि काहीच मिळाले नाही. ‘झुलू’ने आणखी एक गोष्ट केली होती. हेन्री हुक नावाच्या खऱ्या सैनिकाला त्याने दारूडा, कामचुकार दाखवले. खरा हुक दारूला न शिवणारा, वर्तणुकीचे बक्षीस मिळालेला माणूस होता. पटकथेला एक बिघडलेला शिपाई हवा होता, म्हणून हुकचा बळी दिला गेला.

जॅडोटव्हिलच्या पटकथेलाही एक खलनायक हवा होता. समोर फ्रेंच भाडोत्री सेनानी फॉल्क आहे, पण तो शूर आहे, क्विन्लनचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी आहे. त्या दोघांना समोरासमोर आणून चित्रपट एका गुंतागुंतीच्या वेढ्याला दोन सेनापतींच्या द्वंद्वाचे रूप देतो. मग खलनायकपद उरते ते कटांगातले संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी कॉनोर क्रूझ ओब्रायन यांच्याकडे. मार्क स्ट्राँगने रंगवलेला ओब्रायन थंड, महत्त्वाकांक्षी आणि सैनिकांच्या जिवाशी खेळणारा आहे.

माझी चूक इथली. २०१८ मध्ये मी हा चित्रपट पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना दाखवला आणि अंतर्गत परीक्षेत प्रश्न घातला, ‘मोर्थोर मोहीम का फसली?’ निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, ‘ओब्रायनच्या अहंकारामुळे.’ मी गुण दिले. देताना हात अडखळला नाही, कारण चित्रपट पाहून माझेही मत तेच झाले होते. ओब्रायनचे ‘टू कटांगा अँड बॅक’ हे १९६२ चे पुस्तक मी त्यानंतर वाचले. क्रम उलटा हवा होता.

ओब्रायन निर्दोष होता असे मला म्हणायचे नाही. १३ सप्टेंबरलाच त्याने कटांगाची फुटीर सत्ता संपली असे जाहीर करून टाकले होते. तो उतावीळपणा होता आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. पण आपल्याला लिओपोल्डव्हिलहून, संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी खियारी यांच्याकडून, मोहिमेचे स्पष्ट आदेश होते, असे तो पुस्तकात सांगतो. हॅमरशोल्डला किती माहीत होते, यावर इतिहासकार अजून भांडतात. ठराव १६१ ची संदिग्ध भाषा, सुरक्षा परिषदेतले मोठ्या देशांचे परस्परविरोधी हितसंबंध, विमानांचा अभाव, आधीच्या मोहिमेच्या यशाने आलेला फाजील आत्मविश्वास, लांबवर विखुरलेल्या तुकड्या, ही सगळी कारणे एका माणसाच्या चेहऱ्यात कोंबली की गोष्ट सुटसुटीत होते. ठरावाला चेहरा नसतो आणि नटाला असतो. ओब्रायन डिसेंबर १९६१ मध्ये पदावरून गेला. पुढे त्याने हॅमरशोल्ड आणि लुमुम्बा यांच्यावर ‘मर्डरस एंजल्स’ हे नाटक लिहिले. म्हणजे साक्षीदारालाही अखेर नाट्याचाच आश्रय घ्यावासा वाटला. त्यातली त्याची मांडणीही अनेकांना पटली नाही, ही गोष्ट वेगळी.

राजवाड्यांनी बखरींची उलटतपासणी घेतल्यापासून मराठी इतिहासलेखनात दस्तऐवज श्रेष्ठ की कथा, हा वाद चालू आहे. मी वर्षानुवर्षे दस्तऐवजाच्या बाजूने बोलत आलो. पण जॅडोटव्हिलच्या बाबतीत कागदांनी काय केले? दप्तरात कागद होते, शिफारशी होत्या, संदेशांच्या नोंदी होत्या, आणि सगळे चाळीसहून अधिक वर्षे मुकाट पडून होते. ते बाहेर काढले ते जिवंत म्हाताऱ्या सैनिकांनी. त्यांनी पाठपुरावा केला तेव्हा आयरिश सरकारने फेरविचार केला, २००५ मध्ये अॅथलोनच्या बरॅकीत स्मारक झाले, त्याच वर्षी पॉवर यांचे पुस्तक आले. २०१६ मध्ये चित्रपट आला आणि तुकडीला सामूहिक मानपत्र मिळाले. २ डिसेंबर २०१७ ला जॅडोटव्हिलच्या नावाचे खास पदक देण्यात आले. पदक घ्यायला अनेकांची मुले-नातवंडे आली होती, कारण घेणारे उरले नव्हते. चित्रपटाने हा वेग वाढवला, हे मला मान्य करावे लागते. ओब्रायनवर अन्याय करणाऱ्या कथेनेच क्विन्लनला जगभर न्याय मिळवून दिला. हा हिशेब कसा मांडावा हे मला अजून कळलेले नाही.

आपल्याकडे वेढ्याच्या गोष्टी कमी नाहीत, पण आपण त्या कुठे थांबवतो ते पाहावे. १६६५ चा पुरंदर म्हटले की मुरारबाजी आठवतो. त्यानंतर झालेला तह, दिलेले तेवीस किल्ले, त्या तहामागची थंड डोक्याची गणिते हे सगळे परीक्षेपुरते. माणसे वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाचा पोवाडा होत नाही. क्विन्लनने शेवटी केले ते हेच होते. दीडशे मुलांना घेऊन आलो, दीडशेंना परत नेतो. चित्रपटाने निदान त्या निर्णयापाशी थांबून त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. डॉर्ननच्या कामातली माझ्या मते सर्वांत चांगली जागा तीच आहे.

दोन गोष्टी मात्र चित्रपटाच्या परिघावरच राहतात. एक, समोरची माणसे. कटांगाचे किमान तीनशे मारले गेले असा अंदाज पुस्तकांत येतो. हा आकडा लढणाऱ्या बाजूने दूरवरून केलेला अंदाज आहे, प्रेते मोजून आलेला नाही. पडद्यावर ते लाटांसारखे येतात आणि पडतात. ‘झुलू’मध्ये निदान झुलूंना एक राजा होता, आणि ती भूमिका मंगोसुथू बुथेलेझी या त्यांच्याच राजघराण्यातल्या माणसाने केली होती. कटांगाच्या शिपायाला या चित्रपटात बोलायला जवळजवळ काही नाही. तो कुठल्या गावचा, खाणीत त्याचा बाप कामाला होता का, शोंबेसाठी तो का लढतोय, काही कळत नाही. वास्तवाचा एवढा ध्यास घेणाऱ्या कलाकृतीत बंदुकीचा नमुना अचूक असतो आणि बंदूक धरणारा धूसर असतो, हे मला खटकते.

दुसरी गोष्ट आपली आहे. कटांगाच्या प्रश्नाचा शेवट बऱ्याच अंशी भारतीय जवानांच्या हातून झाला. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाजवळचा रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया मूठभर गुरख्यांसह मोठ्या जमावावर तुटून पडले आणि मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम करताना मिळालेले हे एकमेव परमवीरचक्र. त्यानंतरही कटांगा वर्षभर तगला. डिसेंबर १९६२ च्या अखेरीस मेजर जनरल दिवाण प्रेमचंद यांच्या हाताखाली अखेरची मोहीम सुरू झाली. ब्रिगेडियर रेजिनाल्ड नोरोन्हा यांची भारतीय ब्रिगेड एलिझाबेथव्हिलहून निघून लुफिरापाशी पोहोचली. पूल उडवलेले होते. न्यूयॉर्कला वाटत होते की फौज नदीअलीकडे थांबेल, पण ती थांबली नाही. ३ जानेवारी १९६३ रोजी नोरोन्हांचे सैनिक जॅडोटव्हिलमध्ये शिरले. आदेशांचा हा घोळ कसा झाला ते तपासायला राल्फ बंच यांना कांगोला धाडण्यात आले. त्याच महिन्यात शोंबेने फुटीर सत्ता संपल्याचे मान्य केले. आयरिश कुमक ज्या पुलापाशी दोनदा अडली होती, तीच ही नदी.

‘लुफिरा वलांडली नि झालं’ या मामांच्या वाक्यात हे सगळे होते. मला ते कळायला एक आयरिश चित्रपट यावा लागला. मामांकडून नीट ऐकून, लिहून घ्यायला हवे होते, ते मी केले नाही. कोणत्या बिनतारी यंत्रावर ते काम करत, थांबा की पुढे जा असा कुठला संदेश त्यांच्या कानावरून गेला का, हे विचारायला आता कोणी नाही. सुपारीची रकाबी मामेभावाकडे आहे. ती त्याने कल्हई लावून घेतली, त्यामुळे आता तांबे दिसतही नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी तो चित्रपट पुन्हा वर्गात दाखवला. या वेळी तीन ठिकाणी थांबवला. एकदा ओब्रायनच्या पहिल्या प्रसंगापाशी, आणि ठराव १६१ चा मराठी अनुवाद मुलांना वाचायला दिला. दुसऱ्यांदा लुफिराच्या पुलापाशी, फळ्यावर नकाशा काढून. तिसऱ्यांदा हल्ल्याच्या पहिल्या लाटेत. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासाला कधी बोलत नसे, तिने विचारले, ‘सर, समोरून येणाऱ्यांची नावं कुठं मिळतील?’ मी म्हणालो, मला मिळालेली नाहीत. जॅडोटव्हिलला आता लिकासी म्हणतात, हे सांगितले. तिने ते नाव वहीत लिहून घेतले आणि पुढे विचारले, तिथल्या लोकांची भाषा कोणती. मुख्यतः स्वाहिली, मी सांगितले, आणि दिवे मालवून चित्रपट पुढे चालू केला.